कोवळ्या झाडाचा बहार

जामसांवलीच्या हनुमंताच्या दर्शनास आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण येऊन गेले असतील. पिंपळाच्या सावलीतील ती निद्रिस्त मूर्ती एकदा पाहिली की विसरत नाही. परंतु मंदिराकडे येणाऱ्या वाटेवर, नारळ-फुलांच्या दुकानांच्या रांगेपलीकडे, पत्र्याचे छप्पर घातलेले एक चहाचे हॉटेल आहे, ते कोणाच्या लक्षात राहिले असेल असे वाटत नाही. शनिवारी आणि मंगळवारी ते यात्रेकरूंचे असते. उरलेले पाच दिवस ते आमचे असते. नागपूरच्या बाजारात संत्र्याला काय भाव फुटला, सौंसरची बस आज का आली नाही, २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाल्याने आमच्या पदरात काय पडले, या साऱ्या प्रश्नांचा निकाल तेथील दोन लाकडी बाकांवर लागतो. तो रोज लागतो आणि रोज बदलतो, हे सांगणे न लगे.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात या न्यायासनापुढे एक नवीनच खटला आला. चेन्नईच्या क्रिकेट संघाचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड, कोपराच्या दुखापतीमुळे उरलेल्या स्पर्धेतून बाहेर पडला. संघाची धुरा पुन्हा महेंद्रसिंह धोनीकडे आली, आणि गायकवाडच्या रिकाम्या जागी संघाने आयुष म्हात्रे नावाचा विरारचा एक मुलगा घेतला. वय वर्षे सतरा.

आता जामसांवलीचा आणि चेन्नईचा संबंध काय, असे कोणी विचारील. पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून दिल्ली-चेन्नईच्या गाड्या धडधडत जातात, त्यांतील पुष्कळशा तेथे थांबतही नाहीत. एवढाच काय तो संबंध. परंतु महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला 'आपला संघ' कोणता, हा प्रश्न कधीच सोपा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमची बोली एका राज्याची आणि शिधापत्रिका दुसऱ्या राज्याची. विदर्भाने २०१७-१८ साली प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढे जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून तोच करंडक आणला, तेव्हाही पेढे वाटले. दोन्ही संघांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडितच होते, त्यामुळे मनाला फारशी ओढाताण झाली नाही. पण आयपीएलच्या मांडवात नागपूरही नाही आणि इंदूरही नाही. तेव्हा ज्याला जो आवडेल तो संघ त्याचा. आमच्या बाकांवर धोनीच्या प्रेमाने आणि गायकवाडच्या अभिमानाने चेन्नईचे बहुमत झालेले आहे. 'आपण काल हरलो,' असे येथे कोणी म्हणाले, तर ते चेन्नईविषयी असते.

त्या वर्षी 'आपण' फारच हरत होतो. गुणतक्त्यात चेन्नई तळाशी होती. अशा वेळी दांडगा, कसलेला खेळाडू घ्यावयाचा की हे कोवळे पोर, यावरून बाकांवर दोन तट पडले.

"अरे, सतरा वर्षांचं पोट्टं! मिसरूडबी धड फुटलं नाही, अन् त्याले बुमराहच्या समोर उभं करून राहिले!" किराणा दुकानदार म्हणाले. अनुभवी माणसे घरी बसली असताना पोराचा बळी देणे हे त्यांना व्यापाराच्या दृष्टीनेही पटत नव्हते.

"मंग एवढे दिवस अनुभवीच त खेळत होते नं! शेवटच्या नंबरावर कोण नेलं, पोट्ट्यानं का?" बसचे वाहक उसळून म्हणाले. "आता नाही खेळवान, त कवा खेळवान?"

तेवढ्यात हार विकणारा एक तरुण मध्ये पडला. "बालमारुतीनं सूर्यावर झेप घेतली, तवा त्याचं वय काय होतं, ते सांगा आधी!"

"अन् इंद्राचं वज्र हनुवटीवर बसलं, ते नाही सांगत!" दुकानदारांनी तडकाफडकी उत्तर दिले, आणि सगळे बाक हसले.

आमचा धाकटा भाऊ त्या वेळी कोपऱ्यात बसला होता. तो बोलतो थोडे. तो बशीतला चहा संपवून म्हणाला, "वज्र बसलं तवा वायुदेव पोराले घेऊन गुहेत जाऊन बसला होता. साऱ्या जगाचा वारा बंद केला त्यानं. तेबी पोथीतच आहे." आणि टॉवेल खांद्यावर टाकून तो बगीच्याकडे निघून गेला. त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. आम्हीही दिले नाही.

आमचे मत या प्रकरणी ठाम होते आणि ते आम्ही शिक्षकी पद्धतीने मांडले. आमचा संत्र्याचा लहानसा बगीचा आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम शेतात लावले, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ते फुलू पाहते. नवा माणूस ती पांढरी फुले आणि तो सुगंध पाहून हरखतो. जाणता माणूस ती खुडून टाकतो. झाडाची मुळे खोल गेली नाहीत, खोडाला जोर आला नाही, तोच फळे लादली तर फांद्या वाकतात, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न द्यावयाचे ते झाड ऐन उमेदीत खचून जाते. म्हणून चार-पाच वर्षे कळ काढावी आणि मगच बहार धरावा. "माणसाचेही तसेच आहे," आम्ही म्हणालो. "या मुलाला अजून तीन वर्षे रणजी खेळू द्या." आमच्या या दृष्टांताने बाकांवर क्षणभर शांतता पसरली. निवृत्तीनंतर असे यश क्वचितच मिळते, आम्ही सुखावलो.

त्याच आठवड्यात अमेरिकेतील आमच्या भाच्याचा दूरध्वनी आला. त्याला हा वाद सांगितला, तर तो हसून म्हणाला, "मामा, आमच्याकडे दर एप्रिलला हेच चालतं." तेथील फुटबॉल निराळा; त्यात चेंडू बहुधा हातांनीच खेळतात आणि 'क्वार्टरबॅक' नावाच्या एका खेळाडूवर साऱ्या संघाचा भार असतो. महाविद्यालयांतून येणाऱ्या तरुणांची निवड दरवर्षी होते आणि जो संघ आदल्या वर्षी सर्वांत खाली राहिला त्याचा हक्क पहिला. आमच्याकडे लिलावात ज्याची थैली मोठी त्याचा हात वर. तेथे जो दुबळा त्याला आधी वाढायचे. ही पंगतीची रीत आम्हांस आवडली. पण भाच्याने पुढे जे सांगितले, त्याने आमचा दृष्टांत एकदा पक्का झाला आणि लगेच डळमळला.

ग्रीन बे नावाच्या लहान गावाच्या संघाने २००५ साली आरन रॉजर्स नावाचा तरुण निवडला आणि तीन वर्षे त्याला ब्रेट फार्व्ह या वडीलधाऱ्या खेळाडूच्या मागे बसवून ठेवले. २००८ साली तो मैदानावर उतरला आणि पुढे मोठा नावाजला. "पाहा, तीन वर्षे बहार धरला नाही!" आम्ही आनंदाने म्हणालो. "पण पेटन मॅनिंगचं ऐका," भाचा म्हणाला. "१९९८ साली त्याला पहिल्या दिवसापासून खेळवलं. अठ्ठावीस वेळा त्याचा चेंडू प्रतिपक्षानं पकडला. सोळांपैकी तेरा सामने संघ हरला. तरी त्याला कोणी खाली बसवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच संघानं तेरा सामने जिंकले." एक थांबला आणि मोठा झाला, दुसरा थांबला नाही आणि तोही मोठा झाला. आम्ही फोन ठेवला आणि हे दुसरे उदाहरण बाकांवर सांगावयाचे नाही असे ठरविले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचे मत विरारच्या मुलासाठी बनलेलेच नव्हते. ते आमच्या नातवासाठी बनलेले होते.

आमचा नातू त्या वर्षी अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. तो डावखुरा गोलंदाज आहे. चेंडू आत-बाहेर वळविण्याची त्याला हातोटी आहे, असे सौंसरचे लोक म्हणत. आम्हांस त्यातले कळत नाही. मे महिन्यात जबलपूरला वयोगटाच्या संघासाठी निवड-चाचणी होती आणि तीस त्याला बोलावणे आले होते. नेमके त्याच दिवसांत नागपूरचे बारावीचे शिकवणीवर्ग सुरू व्हायचे होते. त्यांचा पहिला हप्ता भरून झाला होता. त्याचे वडील नोकरीनिमित्त दूर असतात. निर्णय आमच्यावर सोपविला गेला होता. पोरगा काही बोलत नव्हता. फक्त जेवताना आमच्या तोंडाकडे पाहत असे. आम्ही त्यास बगीच्यातील कलमांचा तोच दृष्टांत सांगितला. "पुढच्या वर्षी जाशील," असे म्हणालो. त्याने मान हलविली, आणि पान अर्धे टाकून उठला.

'पुढच्या वर्षी जाशील.' हे शब्द तोंडातून गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, ते आम्ही पूर्वी एकदा उच्चारलेले आहेत.

ते साल होते १९८४. आदल्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला होता आणि गावोगाव पोरे लाकडाच्या फळ्या तासून बॅटी करीत होती. आमचे वडील वारले होते. घरात कर्ते आम्ही, आणि आमचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा. तोही डावखुराच. जाम नदीच्या कोरड्या पात्रात एकटा तासन्‌तास एका दगडावर चेंडू मारीत असे. एके दिवशी जबलपूरला चाचणीस हजर राहण्याविषयीचे पोस्टकार्ड आले. त्या काळी सौंसरहून जबलपूरला जायचे म्हणजे छोट्या लाईनीच्या गाडीने छिंदवाडा, तेथून नैनपूर, आणि मग पुढे. दोन दिवस जाण्यायेण्यात मोडायचे. शाळेचे शेवटचे वर्ष, हातात पैसा नाही, आणि खेळून कोणाचे पोट भरले आहे? आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी जाशील." पुढच्या वर्षी पोस्टकार्ड आले नाही. भाऊ नापास झाला नाही, रागावला नाही, घर सोडून गेला नाही. तो बगीच्यात उतरला आणि तेथलाच झाला. ती छोटी लाईनही पुढे उखडली जाऊन तेथे मोठी लाईन आली. चाळीस वर्षांत त्या पोस्टकार्डाचा उल्लेख त्याने एकदाही केला नाही, आणि त्यावरून आम्ही सोयीस्करपणे असे समजलो की, तो विसरला.

रविवार, २० एप्रिल २०२५. सामना मुंबईत, वानखेडे मैदानावर. हॉटेलातील दूरदर्शन संचापुढे बाके ओढून सारे बसले होते. म्हात्रे खेळावयास आला तेव्हा किराणा दुकानदारांनी डोळे मिटून घेतले. पंधरा चेंडूंत त्याने बत्तीस धावा काढल्या. सामना आपण हरलो, पण त्या रात्री हरल्याचे कोणाला वाईट वाटले नाही. आदल्याच दिवशी राजस्थानच्या संघाकडून चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने आयुष्यातील पहिल्याच चेंडूवर षटकार मारला होता, आणि नऊ दिवसांनी त्याने पस्तीस चेंडूंत शतक पुरे केले. एकूण हवाच कोवळ्या पोरांची वाहू लागली. ३ मे रोजी बंगळूरला म्हात्रेने अठ्ठेचाळीस चेंडूंत चौऱ्याण्णव धावा केल्या. आपण दोन धावांनी हरलो, तरी हॉटेलवाल्याने फुकट चहा पाजला. "मी त पयल्या दिवसापासून सांगत होतो!" किराणा दुकानदार म्हणाले. ते काय सांगत होते हे सर्वांस ठाऊक होते, पण आनंदात कोणी हिशेब काढला नाही.

चार दिवसांनी, ७ मे रोजी, कोलकात्यात तोच मुलगा शून्यावर बाद झाला. दोनच चेंडू खेळला. आणि त्याच बाकांवर, त्याच तोंडांतून शब्द निघाले, "डोक्यात हवा गेली पोट्ट्याच्या!" बसचे वाहकसुद्धा गप्प बसले.

तेव्हा आम्ही जरा पुढे सरसावलो. आमची वेळ आली होती. विरारच्याच दुसऱ्या एका मुलाची, पृथ्वी शॉची, कथा आम्ही सांगितली. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, अठराव्या वर्षी, पहिल्याच कसोटीत त्याने शतक केले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात, पंचविसाव्या वर्षी, त्याला कोणी घेतले नाही. "लवकर धरलेला बहार!" आम्ही समारोप केला. "फुले खुडावी लागतात, ती अशासाठी."

"दादा," कोपऱ्यातून आवाज आला. भाऊ चहाची बशी हातात धरून आमच्याकडे पाहत होता. "त्याच लिलावात या म्हात्रेलेबी कोणी घेतलं नव्हतं. तीस लाख किंमत होती त्याची, एकानंबी हात वर केला नाही. मंग चेन्नईवाल्यायनं त्याले खेळ पाहाले बोलावलं. अन् लहान होता तवा त्याचा आजा त्याले विरारच्या पल्याडून सकाळी लोकलनं मैदानावर नेत होता. पेपरातच आलं होतं."

"मग आम्ही काय निराळे म्हणतो?" आम्ही विचारले. "थांबला, म्हणूनच..."

"तुम्ही फूल खुडाचं सांगता," तो हळूच म्हणाला. "फूल मीबी खुडतो. पण फूल खुडलं म्हणून आळ्यातलं पाणी कोणी तोडते का, दादा? तुम्ही माह्यं फूल खुडलं, त्याचं मले काही नाही. पण पाणीबी तोडलं."

एवढे बोलून तो उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता. ओलिताविषयी काही सांगावे तसे त्याने ते सांगितले. बाकांवर कोणाला अर्थ लागला नाही. दुकानदारांनी विषय बदलला. आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही.

काय तोडले होते आम्ही? एक-एक आठवत गेले. पोस्टकार्ड आल्यानंतर आम्ही त्याचा तो लाल चेंडू कपाटात ठेवून कुलूप लावले होते, 'अभ्यासात लक्ष राहावे' म्हणून. परीक्षा झाली, पण कुलूप काढावयाचे आम्हांस सुचले नाही. नदीच्या पात्रात पुन्हा चेंडू टाकतोस का, असे एका शब्दाने विचारले नाही. पुढच्या वर्षी बोलावणे का आले नाही, म्हणून कोणास चिठ्ठी लिहिली नाही. 'पुढच्या वर्षी' हा शब्द आम्ही दिला तो थांबण्यासाठी दिला नव्हता. विषय मिटावा म्हणून दिला होता. रॉजर्स तीन वर्षे थांबला, पण त्या तीन वर्षांत तो संघातच होता, रोज सरावाला उतरत होता. मॅनिंग पहिल्या दिवसापासून चुकला, पण चुकल्यावर त्याच्या पाठीवरचा हात कोणी काढला नाही. आणि बालमारुती पडला, तेव्हा त्याचा बाप त्याला उचलून गुहेत घेऊन बसला. लवकर की उशिरा, यावर आम्ही महिनाभर घसा कोरडा केला होता. झाडाजवळ कोण राहणार, हे आमच्यापैकी एकाच माणसाने विचारले होते, आणि त्याचे आम्ही ऐकले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री उलगडली. नातू डाव्या हाताने चेंडू वळवितो, ते त्याला शिकविले कोणी? रोज संध्याकाळी तो 'बगीच्यात जातो' म्हणून जात असे. सकाळी आम्ही तेथे जाऊन पाहिले. पंपाच्या खोलीमागे, दोन ओळींच्या मध्ये, बावीस यार्ड जागा साफ सारवलेली होती. एका टोकाला मासे धरण्याचे जाळे बांधलेले होते. भाऊ आळी दुरुस्त करीत होता. त्याने वर पाहिले नाही.

मे महिन्यात आम्ही नातवास घेऊन जबलपूरला गेलो. शिकवणीवर्गाचे पहिले चार दिवस बुडाले. छिंदवाड्यास बस बदलून, सिवनी-लखनादौनच्या वाटेने, सारा दिवस प्रवासात गेला. भावाला चल म्हणालो, तर तो म्हणाला, "तुम्हीच जा, दादा." ते त्याने का म्हटले, हे आम्हांस समजले, आणि आम्ही आग्रह केला नाही.

मैदानाच्या कडेला एका निंबाखाली आम्ही दोन दिवस बसलो. पोरे शेकड्यांनी आली होती. मंडला, बालाघाट, कटनी, कोठकोठून. प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी बसलेले होते: कोणाचा बाप, कोणाची आई, एकाची थोरली बहीण डबा घेऊन. नातवाच्या वाट्याला पहिल्या दिवशी बारा चेंडू आले, दुसऱ्या दिवशी अठरा. तीस चेंडूंसाठी एवढे अंतर. त्यांतील काही फार चांगले पडले असावेत, कारण शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी 'वा!' म्हटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी लागली. तीत त्याचे नाव नव्हते.

तो यादीपुढे थोडा वेळ उभा राहिला. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, "आबाजी, चला. बस निघून जाईन." वाटेत बराच वेळ कोणी बोलले नाही. लखनादौनला चहा घेताना त्याने सांगितले, "ते सर म्हणाले, हात चांगला आहे, खांद्यात जोर कमी आहे. पुढच्या वर्षी या म्हणाले." तेच शब्द. आम्ही पेला खाली ठेवला. "मग खांद्याचे काय करायचे, ते त्यांना विचारलेस का?" आम्ही विचारले. त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर पाच-सहा व्यायाम लिहून घेतलेले होते. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही असा एकही कागद मागितला नव्हता.

ती स्पर्धा चेन्नईने अखेर तळाशीच संपविली, दहापैकी दहावी. म्हात्रेने सात डावांत दोनशे चाळीस धावा केल्या. शून्यानंतरच्या दोन डावांत त्रेचाळीस आणि चौतीस. कारण शून्यानंतर त्याला बाहेर बसविले नाही. संघाने पुढील वर्षासाठी त्यास राखले. डिसेंबर २०२५ च्या लिलावात त्याच संघाने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन नवख्या पोरांसाठी प्रत्येकी चौदा कोटी वीस लाख रुपये मोजले. त्याच लिलावात दिल्लीने पृथ्वी शॉला पुन्हा जवळ केले. पंचविसाव्या वर्षी झाड खचले असे म्हणणारे आम्ही, आम्हांस तेही कबूल करावे लागले. बाकांवर अर्थातच पुन्हा दोन तट पडले. "चौदा कोटी! पोट्ट्यायवर!" किराणा दुकानदार ओरडले, आणि सर्वांनी आमच्याकडे दृष्टांतासाठी पाहिले. आम्ही म्हणालो, "पहिल्यांदा शून्यावर बाद होईल त्या दिवशी आपण काय बोलतो, ते पाहू." हे उत्तर कोणाला फारसे आवडले नाही. दृष्टांत बरा होता, असे हॉटेलवाला म्हणाला.

नातवाची बारावी आहे. पहाटे अभ्यास, संध्याकाळी पंपाच्या खोलीमागे खांद्याचे व्यायाम आणि साठ चेंडू. ते चेंडू मोजण्याचे काम आम्हांकडे आहे. पुढच्या चाचणीत त्याची निवड होईल की नाही, हे आम्ही जाणत नाही, आणि खरे सांगायचे तर आता ते आम्ही फारसे विचारीतही नाही. कपाटातील तो जुना लाल चेंडू आम्ही काढून भावाला दिला. त्याचे कातडे पार सुकून तडकले होते. त्याने तो हातात फिरविला, शिवणीवरून बोटे नेली आणि पंपाच्या खोलीतील फळीवर ठेवला.

जानेवारीत आंबिया बहाराची तयारी चालली होती. मोठ्या झाडांचे पाणी महिनाभर तोडले होते. पाने मलूल झाली होती. त्यांना असा ताण दिल्याशिवाय ती फुलत नाहीत. पलीकडच्या तुकड्यात तीन वर्षांची नवी कलमे आहेत. त्यांवर कोठेकोठे वेळेआधीच कळ्या दिसत होत्या. आम्ही, भाऊ आणि नातू, तिघे मिळून त्या खुडीत होतो. खुडून झाल्यावर भावाने त्या तुकड्याचे पाणी सोडले. नातवाने विचारले, "छोटे आबाजी, मोठ्या झाडायचं पाणी बंद, अन् यायले काहून?"

"मोठ्यायले ताण," भाऊ आळ्यात शिरणाऱ्या पाण्याकडे पाहत म्हणाला, "लहान्यायले पाणी."